चेंडू त्याच्या पायाशी असताना आपण काय बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या एका आईंचा ९ वर्षांचा मुलगा यंदापासून रविवारच्या लीगमध्ये खेळायला लागला आहे. त्याचे बाबा टचलाइनवर उभे राहून पूर्ण वेळ ओरडत असतात: 'मार, मार', 'मागे ये', 'अरे त्याला धर'. मागच्या सामन्यात ते रेफरीशी भांडले. घरी आल्यावर मुलगा आईला म्हणाला, "पुढच्या वेळी बाबांना आणू नको." बाबांचं म्हणणं असं, की मी प्रोत्साहन देतो, कोल्हापूरला स्टेडियम कसं दणाणतं ते बघा, तिथल्या पोरांचं काय बिघडलं? आईंना विचारायचं आहे, की पालकांनी कडेला उभं राहून नेमकं वागावं कसं, आणि रेफरी उघड उघड चुकत असला तरी गप्प बसायचं का?

ताई, आधी कोल्हापूरबद्दल बोलतो, कारण मी तिथलाच. छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माझं बालपण गेलं. गेली २२ वर्षं पुण्यात लहान मुलांना फुटबॉल शिकवतो, त्यातली ११ वर्षं रेफरी म्हणूनही उभा राहिलो. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे तिथले दोन संघ समोरासमोर आले की काय वातावरण असतं ते तुमच्या मिस्टरांनी पाहिलं असेल, तर ते खोटं बोलत नाहीत. पेठांच्या त्या ईर्ष्येनंच आमच्या गावात फुटबॉल जगला. तीच ईर्ष्या कधी कधी हुल्लडबाजी आणि दगडफेकीपर्यंत गेली, हेही मी पाहिलं आहे.

पण तो आवाज वेगळा आहे. तिथे खेळणारा गडी वीस-पंचवीस वर्षांचा असतो आणि आवाज गाळून घ्यायला शिकलेला असतो. शिवाय हजारो लोकांचा मिळून एकच गलका होतो, त्यातला शब्द वेगळा ऐकू येत नाही. रविवारच्या सकाळी तुमच्या मैदानावर तीस-चाळीस पालक असतात आणि त्यात एक आवाज बाबांचा असतो. 'अभ्यासाला बस' म्हणणारा, रस्ता ओलांडताना 'थांब' म्हणणारा आवाज. तो ऐकल्यावर थांबायचं, वळायचं, हे मुलाच्या अंगात नऊ वर्षांत भिनलेलं असतं. बाकी सगळ्या पालकांचं ओरडणं त्याच्या कानावरून जाईल. बाबांचं जात नाही. त्यामुळे तुमचे मिस्टर सगळ्यात मोठ्यानं ओरडत नसले तरी तुमच्या मुलाला सगळ्यात मोठ्यानं तेच ऐकू येतात.

आता मैदानात काय घडतं ते पाहा. चेंडू मुलाकडे येतो. तो येण्याआधी आणि आल्यावर मिळून त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात त्याला मान वळवून पाहायचं असतं: अंगावर कोण येतंय, आपला कोण मोकळा आहे, जागा कुठे आहे. मग ठरवायचं की पास द्यायचा, वळायचं, की घेऊन पळायचं. आम्ही आठवडाभर सराव घेतो तो याच दोन-तीन सेकंदांसाठी. नेमकं त्याच वेळी बाहेरून 'मार!' येतं आणि मूल मारतं. चेंडू लांब जातो, पालक टाळ्या वाजवतात आणि मुलानं काहीच पाहिलेलं नसतं, काहीच ठरवलेलं नसतं. असं दोन हंगाम चाललं की एक सवय लागते, ती मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखता येते. चेंडूला पाय लागला रे लागला की त्या मुलाची मान बाहेर वळते. आपण केलं ते बरोबर होतं का, हे तो बाबांच्या चेहऱ्यावर वाचत असतो. तोवर चेंडू निघून गेलेला असतो.

म्हणून पालकांना मी एकच नियम सांगतो आणि तो लक्षात राहतो असा अनुभव आहे: घडून गेलेल्या गोष्टीवर बोला, घडायच्या गोष्टीवर बोलू नका. 'मस्त अडवलंस', 'छान पळालास मागे', 'भारी पास' हे चालेल, हवं तेवढ्या जोरात म्हणा. 'पास दे', 'शूट कर', 'उजवीकडे जा' हे नको. चेंडू आपल्या मुलाच्या पायाशी असेल तेव्हा तोंड बंद. मुलाला प्रोत्साहन हवंच असतं, त्याबद्दल तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. त्याला नको असतो तो हुकूम. आणि एक जास्तीचं सांगतो: समोरच्या संघातल्या मुलानं सुरेख काही केलं तर त्यालाही टाळी द्या. पहिल्यांदा हात जड होतो, पण आपल्या मुलाचं लक्ष जातं त्याकडे.

हुकुमांची आणखी एक अडचण अशी की ते बहुतेक वेळा कोचच्या सांगण्याच्या उलट असतात. ९ वर्षांच्या गटात मी गोलकीपरला सांगतो, की चेंडू हातात आला की लांब भिरकावू नकोस, जवळच्या बॅकला, म्हणजे बचावपटूला दे. यातून चुका होतात. बॅककडून चेंडू हिसकावला जातो, गोल होतो, कधी एका सामन्यात तीन-तीन होतात. मला ते ठाऊक असतं, मी ते मान्य करून बसलेलो असतो, कारण आज गोल खाऊन जो मुलगा दबावाखाली चेंडू ताब्यात ठेवायला शिकतो तो १३व्या वर्षी खेळाडू होतो. बाहेरून मात्र 'लांब मार, लांब मार' सुरू असतं. कोच एक म्हणतोय, बाबा दुसरंच. मूल चेंडूवर पाय ठेवून नुसतं उभं राहतं. ती अवस्था मी इतक्या वेळा पाहिली आहे, आणि दर वेळी पोटात तुटतं. कोचचं काही पटत नसेल तर जरूर विचारा, पण सामना संपल्यावर, दुसऱ्या दिवशी, मुलासमोर नाही.

काही वर्षांपूर्वी मी एक प्रयोग केला. कल्पना माझी नव्हती. अमेरिकेत ओहायोमध्ये १९९९ साली मुलींच्या एका लीगनं एक रविवार 'शांत रविवार' म्हणून ठरवला होता; पालकांनी आणि कोचनी ओरडायचं नाही. ते वाचून मी आमच्या दोन अकादम्यांमधला एक सामना तसा ठेवला. पालकांना सांगितलं, टाळी चालेल, शब्द नको. मीही बेंचवर गप्प. पहिली पाच मिनिटं मैदान विचित्र शांत होतं, मुलं सारखी बाहेर बघत होती, काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटत होतं. मग आमच्या गोलकीपरनं, जो एरवी कधी तोंड उघडत नाही, हाक मारली, "मागे एक आहे!" थोड्या वेळानं दुसरा म्हणाला, "वळ, वेळ आहे." मध्यंतरापर्यंत ती चौदा पोरं एकमेकांशी सतत बोलत होती. महिनोन् महिने मी सरावात 'बोला, एकमेकांशी बोला' म्हणून घसा कोरडा करत होतो. आमच्या आवाजाखाली त्यांचा आवाज दबला होता, एवढंच. त्या दिवसापासून मी स्वतःही बेंचवरून निम्मं बोलणं कमी केलं.

आता रेफरीचा प्रश्न. चूक उघड दिसत असली तरी गप्प बसायचं का? हो, बसायचं.

आधी हे पाहा की जी 'उघड चूक' वाटते ती पुष्कळदा चूक नसतेच. सगळ्यात जास्त ओरडा होतो तो 'हँड, हँड' म्हणून. चेंडू हाताला लागला म्हणजे फाउल, असा नियम नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला, किंवा हात अशा जागी ठेवला की शरीराचा आकार अनैसर्गिकरीत्या मोठा झाला, तर गुन्हा. अंगालगत असलेल्या हातावर जवळून चेंडू आदळला तर खेळ सुरूच राहतो. खांदा तर हातात धरलाच जात नाही. हात काखेच्या खालच्या टोकापासून मोजतात. दुसरा ओरडा 'बाहेर गेला'चा. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला पाहिजे, जमिनीवर असो की हवेत. रेषेचा केसभर भाग जरी चेंडूखाली असला तरी तो आत. तुम्ही तिरक्या कोनातून बघत असाल तर हे तुम्हाला कळूच शकत नाही. ऑफसाइड (समोरच्या बचावपटूंच्या पलीकडे आधीच जाऊन उभं राहणं) पाहतात तो सोबत्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी, चेंडू पोहोचतो त्या क्षणी नाही. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवर तो लागतच नाही. आणि अगदी लहान गटांच्या बऱ्याच स्पर्धांत तो ठेवलेलाच नसतो. फाउल दिसूनही रेफरीनं शिट्टी वाजवली नाही आणि दोन्ही हात पुढे केले, तर त्यानं ज्याच्यावर फाउल झाला त्याच्या संघाला खेळ चालू ठेवण्याचा फायदा दिला आहे. त्याच वेळी त्याच संघाचे पालक 'फाउल, फाउल' ओरडत असतात, हे मी स्वतः शिट्टी हातात असताना शेकडो वेळा ऐकलं.

चुका होतातही. माझ्याकडूनही झाल्या, आणि एकदा चुकीच्या पेनल्टीनं मी एक अंतिम सामना फिरवला. रात्रभर झोप आली नाही. पण लहान गटांत शिट्टी कोणाच्या हातात असते ते बघा. सोळा-सतरा-अठरा वर्षांची पोरं असतात, नुकताच रेफरीचा कोर्स केलेली. शिकाऊ खेळाडूंना शिकाऊ रेफरी, अशीच ही व्यवस्था जगभर चालते. आमच्याकडे एक मुलगी होती, सतरा वर्षांची. धावणं उत्तम, नियम तोंडपाठ, निर्णय ठाम. एका सामन्यात एका गृहस्थांनी तिला पूर्ण वेळ टोमणे मारले आणि सामना संपल्यावर पार्किंगपर्यंत मागे जाऊन सुनावलं. त्यांचा स्वतःचा मुलगा बाजूला उभा राहून बुटांच्या नाड्या सोडत होता, परत बांधत होता. ती मुलगी पुढच्या रविवारी आली नाही आणि त्यानंतर कधीच आली नाही. मी तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होतो आणि वेळेत पोहोचलो नाही, याची मला आजही बोच आहे.

हे कुठवर जाऊ शकतं तेही सांगतो, कारण 'नुसतं बोललो तर काय झालं' हे मी नेहमी ऐकतो. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेर शहरात मुलांच्या एका सामन्यानंतर लाइन्समनला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. तो एका खेळाडूचा बाप होता, हौसेनं झेंडा घेऊन उभा राहिला होता. शिक्षा झाली ती किशोरवयीन खेळाडूंना, आणि त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांनाही. इंग्लंडमध्ये त्याच्या आधीच, २००८ पासून, 'रिस्पेक्ट' नावाची मोहीम सुरू झाली होती. त्यात मुलांच्या सामन्यात प्रेक्षकांसाठी दोरी किंवा पट्टी बांधून जागा ठरवून देतात. खेळाच्या नियमांच्या बाजूनं बघायचं तर रेफरीला बाहेरच्या लोकांच्या त्रासामुळे सामना थांबवता येतो, सोडूनही देता येतो, आणि २०१९ पासून बेंचवरच्या कोचलाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. पालकाला कार्ड नसतं. पालकाची किंमत संघ भरतो.

एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते म्हणून मध्येच सांगून टाकतो: शिट्टी घरी ठेवा. एका सामन्यात प्रेक्षकांतल्या कोणीतरी उत्साहात शिट्टी वाजवली, आमच्या बॅकला वाटलं खेळ थांबला, त्यानं चेंडू हातात उचलला. समोरचे पेनल्टी मागायला लागले. नियमाप्रमाणे अशा वेळी रेफरी खेळ थांबवून ड्रॉप बॉल देतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करतो, आणि तसंच झालं. पण तोवर आठ वर्षांचं ते पोर रडून लाल झालं होतं.

आपल्याकडे अजून एक आरडाओरडा असतो, परदेशात तितका ऐकू येत नसावा: "हा पोरगा दहाचा नाही, बारा-तेराचा आहे!" वय चोरण्याचा प्रकार आपल्या खेळात आहे, हे मी नाकारणार नाही. म्हणूनच फिफाला २००९ पासून १७ वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय काढावा लागतो, आणि आपल्याकडेही हाडांवरून वय ताडण्याची चाचणी करतात. पण टचलाइनवरून बोट दाखवून ओरडलेलं ते वाक्य ऐकतं ते मूल. त्यानं वय चोरलेलं नसतं. चोरलंच असेल तर मोठ्यांनी चोरलेलं असतं. आणि कित्येकदा ते नुसतं अंगानं थोराड असतं, शाळेत त्यावरून आधीच चिडवलं गेलेलं. शंका असेल तर तुमच्या संघाच्या मॅनेजरनं सामन्याआधी आयोजकांकडे जन्मदाखला तपासायला मागावा. खेळ सुरू झाल्यावर तो विषय संपला. व्हॉट्सॲप ग्रुपवर समोरच्या मुलाचा व्हिडिओ टाकून 'हा बघा' म्हणणं तर त्याहून वाईट.

गोलमागे पैसे देणाऱ्या पालकांशी माझं थोडं भांडणच आहे. 'गोल मारलास की शंभर रुपये.' एक अतिशय हुशार मुलगा माझ्याकडे होता, पास इतके गोड की बघत राहावं. अचानक त्याचे पास थांबले. समोर सोबती मोकळा, गोल रिकामा, आणि हा तीन जणांत घुसतोय. दोन आठवडे मला कळेना. मग त्याच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं, "दादाला गोलचे पैसे मिळतात." सांघिक खेळात घालून आपण मुलाला त्याच्याच सोबत्यांविरुद्ध उभं केलेलं असतं. बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्या संघाला मिळून काहीतरी खायला घाला.

उभं कुठे राहायचं, हे सोपं आहे. रेषेपासून दोन-तीन पावलं मागे, बेंचच्या समोरच्या बाजूला, आणि गोलच्या मागे कधीच नाही. तिथे उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रत्येक शब्द, प्रत्येक 'अरेरे', गोलकीपरच्या पाठीवर पडतो, आणि चुकल्यावर त्या मुलाला लपायला जागा नसते. पाण्याची बाटली घेऊन आत जायचं नाही, उन्हाची काळजी वाटली तर मॅनेजरला सांगा, तो रेफरीकडे पाणी पिण्यासाठी थांबा मागेल. मूल पडलं तर रेफरीनं खूण केल्याशिवाय आत धावू नका. बहुतेक वेळा ते दहा सेकंदांत उठतं, आई धावत आली की मात्र उठायचं विसरतं. याला एक अपवाद आहे, तो नीट लक्षात ठेवा: डोक्याला मार. डोकं आपटलं असेल आणि मूल गोंधळलेलं, सुस्त, पांढरंफटक वाटलं किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी ते परत खेळणार नाही. कोच 'ठीक आहे तो' म्हणाला तरी नाही. तिथे शेवटचा शब्द तुमचा, आणि तिथून थेट डॉक्टरकडे.

परतीच्या वाटेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला वाटतं तुमच्या मुलाचं ते वाक्य तिथेच तयार झालं असावं. स्कूटरवर मागे बसलेलं मूल कुठे जाऊ शकत नाही. तोंड दिसत नाही, हेल्मेटमधून फक्त आवाज येतो: 'तो पास का नाही दिलास', 'तू पळतच नव्हतास'. हरलेला सामना त्याला परत एकदा हरायला लागतो. घरी पोहोचेपर्यंत सामन्याचा विषय तुम्ही काढू नका. त्यानं काढला तर ऐका. काही मुलं दोन तासांनी काढतात, काही रात्री झोपताना, काही काढतच नाहीत.

आता मिस्टरांचं काय करायचं. 'ओरडू नका' एवढंच सांगून ते थांबणार नाहीत, कारण ते काळजीनं ओरडतात, आणि रिकाम्या हातांनी काळजी करत उभं राहणं अवघड असतं. शिवाय कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळल्यापासून प्रत्येक बापाच्या डोळ्यांत थोडं स्वप्न असतं. ते मी मोडायला सांगणार नाही. त्यांना काम द्या. माझ्याकडे दोन कामं आहेत. पहिलं, छोटी वही. आपल्या मुलानं चेंडू येण्याआधी किती वेळा मान वळवून मागे पाहिलं, ते मोजायचं. बाकी काही नाही. हे मोजायला लागलं की डोळे मुलावर राहतात, तोंड आपोआप थांबतं, आणि दोन-तीन सामन्यांत आपला मुलगा काय शिकतोय ते पहिल्यांदा दिसतं.

दुसरं काम मला जास्त आवडतं. लहान गटांच्या सामन्यात लाइन्समन कमी पडतात आणि रेफरी संघांकडे एखादा पालक मागतो. त्याला फक्त चेंडू रेषेबाहेर गेला की झेंडा वर करायचा असतो. जे बाबा सगळ्यात जास्त ओरडतात त्यांना मी तो झेंडा देतो. पहिल्याच पाच मिनिटांत चेंडू रेषेवर घुटमळतो, दोन्ही बाजूंचे पालक ओरडतात, आणि त्यांना ठरवावं लागतं. एका गृहस्थांनी मध्यंतराला घाम पुसत मला विचारलं होतं, "सर, हे रोज असंच असतं?" पुढे दोन वर्षं ते आमच्याकडे झेंडा घेऊन उभे राहिले.

तर या रविवारी तुमच्या कोचना आधी फोन करून ठेवा आणि मिस्टरांना सामन्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पाठवा, म्हणजे रेफरी त्यांना झेंडा कसा धरायचा ते दाखवेल. चपला नकोत, बूट घालायला सांगा. सकाळचं गवत ओलं असतं आणि रेषेवर बरंच पळावं लागतं. मुलाला आधी काही सांगू नका. बाबा झेंडा घेऊन पळताना त्याला मैदानातूनच दिसू दे.